लक्षणांचे चित्र

घुबडावर चादर पडली आणि मुलांनी पेन्सिली उचलल्या.

"आता कुणी समोर बघायचं नाही," कमलाकर वैरागकर म्हणाला. "बघायचं तेव्हा बघितलंत. डोळ्यांत जेवढं राहिलं असेल तेवढंच कागदावर."

वाचनालयाच्या माडीवर मुले मांडी घालून ओळीने बसली होती. या माडीला गावात अजबखाना म्हणत. कपाटांत शंख, दगड, जुनी नाणी, मगरीची कवटी, मागाचे मोडके भाग असे काय काय मांडलेले होते. घुबड कुणा जहागीरदाराने पेंढा भरून भेट दिले होते. वाचनालयाचा शिपाई येडू त्याच्यावरची धूळ तोंड फिरवून लांबूनच झटकी. सकाळी सकाळी या पाखराचे तोंड बघायचा पगार मला मिळत नाही, असे तो म्हणे.

चित्रे झाल्यावर विज्ञानाचे मास्तर बसलिंगप्पा पुढे झाले. ते अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे, अंगाने आडवे आणि आवाजाने मोठे. त्यांनी चादर काढली आणि कागद बघत ओळींतून फिरले.

"शाबास. सगळ्यांनी कावळा काढलाय आणि खाली घुबड म्हणून नाव घातलंय. डोळे कुठं आहेत त्याचे? बाजूला का समोर? बघा की नीट."

मुले हसली. ज्याचे सर्वांत जास्त चुकले होते तो उठून समोर आला, वेताची काठी घेऊन घुबडाशी उभा राहिला आणि आपले काय काय राहिले ते दाखवू लागला. हा इथला नियम होता. त्याने दाखवायचे आणि तसे का असते ते बसलिंगप्पांनी सांगायचे. डोळे समोर असले की अंतर नेमके कळते, अंधारात उंदीर सापडतो. छडी मात्र कुणाला बसत नसे. चुकलेल्याने स्वतः काठी ठेवून सांगितले की ते त्याच्या कायमचे लक्षात राहते, असे कमलाकरचे म्हणणे होते आणि नियमही त्याचाच होता.

तो हायस्कुलात ड्रॉइंग शिकवी. परीक्षेसाठी त्याची मुले सुरई, छत्री, कंदील आठवणीने काढत आणि पास होत. बसलिंगप्पांची मुले बेडकाचे हृदय पाठ म्हणत आणि पास होत. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना एकमेकांच्या विषयाची टिंगल करता करता दोघांनी हे शनिवारचे ठरवले होते. आधी बघून काढायचे, मग का ते विचारायचे. सकाळची शाळा सुटली की एखादा वर्ग माडीवर येई.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी दवाखान्यात नव्याने आलेले डॉक्टर हे सगळे बघायला आले. शेवटपर्यंत थांबले आणि म्हणाले, दगड आणि पाखरे ठीक आहेत, पण गिरणीच्या चाळींतली माणसे क्षयाने जात आहेत. माझ्याकडे आणतात तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते. मुलांना लक्षणे ओळखता आली तर मुले घरी जाऊन सांगतील. त्यांच्याजवळ विलायती तक्ते होते. त्यांत पिसांच्या गादीवर निजलेली एक गोरी बाई होती.

"हिला बघून चाळीतल्या मुलाला काय कळणार?" डॉक्टर म्हणाले. "आपली बाई काढा मास्तर. चटईवर बसलेली."

समोर कोण बसणार, असे कमलाकरने विचारले. रोग्याला त्यासाठी बसवू नये, मनाने काढा, असे डॉक्टर म्हणाले.

"मला माणसं जमत नाहीत. मी ड्रॉइंगच्या इंटरमीजिएट परीक्षेपर्यंतच शिकलोय. वस्तू काढतो."

"पोरांना आठवणीनं काढायला लावता ना?" बसलिंगप्पा हसून म्हणाले. "आता तुमची पाळी."

हे बोलताना त्यांना काही माहीत नव्हते. गावात कुणालाच माहीत नव्हते.

कमलाकरची बायको यशोदा गेल्या श्रावणात वारली. मुदतीच्या तापाने गेली, असे त्याने सगळ्यांना सांगितले होते. खरे तर ती वर्षभर खोकत होती. क्षयाचे नाव निघाले असते तर शेजारच्या बिऱ्हाडांनी पाणीसुद्धा वेगळे भरले असते, आणि पुढेमागे मुलीचे लग्न जमवताना ते आडवे आले असते. म्हणून वैद्य मागच्या दाराने येई. खोकल्यातून पहिल्यांदा रक्त पडले तेव्हाच कमलाकरने पद्मजाला मोहोळला आपल्या थोरल्या बहिणीकडे नेऊन पोचवले. पद्मजा त्यांची एकुलती एक मुलगी, दहा वर्षांची. ती निघाली त्या दिवशी यशोदाने त्याच्याजवळ एकच मागितले होते.

"पद्मीनं मला अशी बघायला नको. मागाहून तिला आठवताना मी धड आठवायला हवी. तेवढं सांभाळा."

त्याने ते सांभाळले. शेवटी शेवटी मुलगी मोहोळला जेवेनाशी झाली, आईकडे न्या म्हणून हटून बसली, तरी त्याने तिला आणले नाही. दिवस झाल्यावर तो तिला घेऊन आला आणि घर सांभाळायला म्हणून बहीणही बरोबर आली. गाडीत पद्मजाने विचारले, आई शेवटी कशी दिसत होती. तो म्हणाला, झोपल्यासारखी. त्यावर तिने पुन्हा काही विचारले नाही.

चित्र त्याने सुटीच्या दुपारी शाळेच्या ड्रॉइंग हॉलमध्ये काढायला घेतले. कुणाचीच नसलेली बाई काढायची, असे ठरवून बसला. ती सुरईसारखी झाली, मधल्या रेघेच्या दोन्ही बाजू सारख्या. पुसली, पुन्हा काढली, पुन्हा तशीच झाली. मग त्याने चेहरा सोडून गळ्याची हाडे काढली आणि तिथून हात आपोआप चालू लागला. हाडे कुठे वर येतात, त्यांच्यामागे खळगा किती पडतो, हे त्याला विचार न करता येत होते. एक गुडघा उभा. डावा तळवा मागे चटईवर टेकलेला, कारण टेकल्याशिवाय श्वास पुरत नाही. उजव्या मुठीत पदराचा बोळा, तोंडाजवळ धरलेला. वर्षभर तो रोज तिच्यासमोर बसला होता. आपण तिची सोबत करत होतो असे त्याला वाटत होते. आपण बघतही होतो, हे आता कागदावर दिसत होते. त्याला स्वतःची किळस आली. तरी त्याने ब्रश ठेवला नाही, कारण चित्र चांगले होत होते. त्याने काढलेला माणूस पहिल्यांदाच माणसासारखा दिसत होता.

बरी असताना यशोदा एकदा म्हणाली होती की सुरया किती वेळा काढाल, एकदा मला काढा की. तू हलशील, असे तो म्हणाला होता. नाही हलणार, असे ती म्हणाली होती. मग ते राहूनच गेले.

शेवटी त्याने चित्रातले नाक बदलले. यशोदाचे सरळ होते, ते थोडे बसके केले. लुगड्याचा रंग बदलला, कपाळावर कुंकवाऐवजी गोंदण दिले. एवढे केल्यावर ती यशोदा राहिली नाही, असे त्याने ठरवून टाकले.

चित्र माडीवर लागले. डॉक्टर बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले आणि मग तुम्ही कधी दवाखान्यात काम केले आहे का, असे त्यांनी विचारले. शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर आले होते, ते म्हणाले, हे पुण्याच्या प्रदर्शनात पाठवा. हेडमास्तरांनी आजवर कमलाकरला समारंभाच्या पाट्या रंगवण्यापलीकडे काही सांगितले नव्हते. त्यांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. तो खाली बघत उभा राहिला. लोकांना तो विनय वाटला. त्याला लाज वाटत होती. पण त्या लाजेत कुठेतरी बरेही वाटत होते, आणि घरी परतताना त्या बरे वाटण्याचीच लाज सर्वांत जास्त वाटत होती.

सगळे गेल्यावर येडू चित्रापाशी रेंगाळला. वाचनालयाच्या कामासाठी तो अधूनमधून मास्तरांच्या घरी जाई, तेव्हा यशोदा त्याला ओट्यावर चहा देत असे.

"मास्तर, राग धरू नका," तो हळूच म्हणाला. "बाईसाब हायत न्हवं ह्या? नाक तेवढं त्येंचं न्हाय."

"कोण बाईसाहेब? कुणी नाही ती. तू तुझं काम कर."

"व्हय," येडू म्हणाला आणि केर काढू लागला. पण त्या दिवसापासून सकाळी आल्यावर तो सर्वांत आधी त्या चित्राची चौकट पुसू लागला, अगदी हलक्या हाताने.

हायस्कुलातले वर्ग येऊन गेले. मग डॉक्टरांनीच सुचवले की मुलींच्या शाळेलाही बोलवा. पद्मजा त्याच शाळेत जात होती. कमलाकर बसलिंगप्पांना म्हणाला, मुलींना ते चित्र नको, त्यांना शंख दाखवू.

"का हो?"

"घाबरतील."

"घाबरू देत की. घरात आजारी माणसाचं उष्टं कोण काढतं? थुंकी कोण पुसतं? पोरीच ना? पोरांच्या आधी पोरींनाच हे कळायला पाहिजे. तुम्ही काय मास्तर, स्वतः काढून स्वतःच लाजताय."

त्यांचे म्हणणे खरे होते. त्यावर कमलाकरजवळ एकच उत्तर होते. ते दिले असते तर क्षयाचे नाव निघाले असते. आणि डॉक्टर, इन्स्पेक्टर, हेडमास्तर सगळ्यांना कळले असते की या मास्तराने मरणाऱ्या बायकोची हाडे रंगवून शाबासकी घेतली. त्या शनिवारी पद्मजाला घरी ठेवायचे, म्हणजे तिला ते चित्र दिसणार नाही, एवढे त्याने मनाशी पक्के केले.

आदल्या दिवशी जेवताना तो बहिणीला म्हणाला, "आक्का, उद्या पद्मीला शाळेत धाडू नकोस. जरा खोकतेय ती."

वाढता वाढता आक्का थांबली.

"खोकतेय? कधीपासून?" तिने पळी खाली ठेवली, पद्मजाला पानावरून उठवून दिव्यापाशी नेले, कपाळाला हात लावला, गळ्याला लावला, पाठ चाचपली. "कफ पडतो का गं? खरं सांग. रात्री घाम येतो?"

"आत्या, मी कुठं खोकतेय?" पद्मजा म्हणाली. आत्याचा चेहरा बघून ती घाबरली होती.

आक्का पुन्हा पुन्हा तिचे कपाळ चाचपत होती. कमलाकरला ते बघवेना.

"नसेल गं," तो म्हणाला. "मलाच तसं वाटलं. ठसका लागला असेल."

या घरात दुसरे कोणतेही निमित्त चालले असते. त्याला नेमके तेच सुचले होते.

"आणि उद्या मी घरी राहणारच नाही," पद्मजा पुन्हा पानावर बसत म्हणाली. "उद्या आम्ही माडीवर येणार आहोत. मुली विचारतात, तुझे वडील चादर टाकतात म्हणे. मी पुढं बसणार आहे, अण्णा."

शनिवारी तो सगळ्यांच्या आधी माडीवर गेला. येडूने खिडक्या उघडल्या होत्या. कमलाकरने चित्र खिळ्यावरून काढले आणि भिंतीकडे तोंड करून कपाटामागे उभे केले. येडूने ते बघितले आणि खाली निघून गेला. पण थोड्या वेळात जिन्यात मुलींचा गलका ऐकू आला आणि बसलिंगप्पा धापा टाकत वर आले. रिकामी भिंत बघून ते म्हणाले, आज नेमके का उतरवले. धूळ पुसत होतो, असे कमलाकर म्हणाला. मग त्याने ते चित्र कपाटामागून काढले, स्वतःच्या हाताने पुन्हा खिळ्याला लावले आणि त्यावर चादर टाकली.

मुली आल्या. काही मागवाल्यांच्या होत्या, त्या आपसांत तेलुगूत कुजबुजत होत्या. मुलींच्या शाळेच्या बाई मागे भिंतीशी बसल्या. पद्मजा पुढच्या ओळीत, अगदी मधोमध बसली आणि वडिलांकडे बघून हसली.

बसलिंगप्पांनी सुरुवात केली. ही एक आजारी बाई आहे, हिला क्षय झाला आहे, क्षय कशावरून ओळखायचा ते आज शिकायचे आहे, असे सांगून त्यांनी चादर काढली.

कमलाकर मुलीच्या तोंडाकडे बघत होता. सुरुवातीला ती बाकीच्या मुलींसारखीच बघत होती, थोडी भेदरून, थोडी उत्सुकतेने. बदललेले नाक कामी आले, असे त्याला वाटले. मग तिची नजर पदराचा बोळा धरलेल्या मुठीवर गेली आणि तिथेच थांबली. त्या मुठीची करंगळी बाकीच्या बोटांपासून सुटी होती. भाकरी थापताना, वेणी घालताना, दिवा लावताना यशोदाची करंगळी अशीच वेगळी राहायची. ती त्याने बदलली नव्हती. ती त्याच्या ध्यानातच आली नव्हती, हाताने आपली आपण काढली होती.

पद्मजाने मुठीवरून नजर वर नेली. गळ्यापर्यंत. मग चेहऱ्यापर्यंत. ती कुठे रडली नाही की हलली नाही.

चादर टाकायचे काम कमलाकरचे होते. त्याने ती टाकली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. मुली काढू लागल्या.

थोड्या वेळाने बसलिंगप्पा ओळींतून फिरू लागले. कुणी गळ्याची हाडे खुंटीसारखी काढली होती. एका मुलीने बाईऐवजी नुसती चटईच रंगवून ठेवली होती. बसलिंगप्पा हसत, चिडवत, शाबासकी देत पुढच्या ओळीपर्यंत आले आणि पद्मजाचा कागद उचलून त्यांनी लांब धरला.

"हे काय गं? गाल भरलेले, कपाळाला कुंकू, सरळ नाक. ही तर हळदीकुंकवाला निघालीय. एक लक्षण काढलं नाहीस. मास्तरांची मुलगी ना तू? चित्र बघितलं नाहीस?"

"बघितलं," पद्मजा म्हणाली.

"मग ये समोर."

सर्वांत जास्त तिचेच चुकले होते आणि नियम सगळ्यांना माहीत होता. ती उठली. बसलिंगप्पांनी चादर काढून काठी तिच्या हातात दिली. थांबा, एवढा एकच शब्द कमलाकरला म्हणायचा होता. तो खिडकीचा गज धरून उभा राहिला.

"गाल बसलेत," पद्मजा म्हणाली. पाठ म्हटल्यासारखा तिचा आवाज स्वच्छ होता. "डोळे आत गेलेत. गळ्याची हाडं वर आलीत." काठीचे टोक ती कागदाला लागू देत नव्हती, थोडे अलीकडेच धरत होती. "हात मागं टेकलाय."

"का टेकलाय?"

"श्वास पुरत नसेल म्हणून."

"बरोबर. बघ, येतंय की तुला. आता सांग, या बाईला काय झालंय?"

पद्मजाने चित्राकडे बघितले नाही. ती खिडकीकडे, वडिलांकडे बघत होती.

"मुदतीचा ताप," ती म्हणाली.

मुली खुसखुसल्या. बसलिंगप्पांनी कपाळाला हात लावला. "अगं, सुरुवातीलाच काय सांगितलं मी? मुदतीच्या तापानं हाडं अशी वर येतात होय? मास्तर, बघा की तुमची मुलगी काय म्हणते."

कमलाकरने गज सोडला. चित्रापर्यंत तो गेला नाही. जिथे होता तिथूनच बोलला.

"क्षय," तो म्हणाला. "तिला क्षय होता. ताप मी सांगितला."

मुलींना अर्धवट कळले असेल किंवा काहीच कळले नसेल. मागे भिंतीशी बसलेल्या बाईंनी मात्र मान खाली घातली. त्या कमलाकरच्याच गल्लीत राहत. संध्याकाळपर्यंत गल्लीत कळणार होते. बसलिंगप्पांनी एकदा चित्राकडे बघितले, एकदा मुलीकडे, आणि हातातल्या कागदावरच्या कुंकू लावलेल्या बाईकडे. त्यांचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला. त्यांनी चादर उचलून चित्रावर घातली, कागद पद्मजाला दोन्ही हातांनी परत दिला आणि आज एवढे पुरे, असे म्हणाले.

जाताना ते कमलाकरपाशी आले. "मला सांगायचं होतंत की हो," ते म्हणाले. "मी तिला समोर उभी केली."

"तुम्ही नाही केलीत," कमलाकर म्हणाला.

बाप आणि मुलगी तळ्याच्या कडेने घरी निघाली. सिद्धेश्वराला जाणारी माणसे समोरून येत होती. पद्मजाने कागदाची गुंडाळी काखेत धरली होती.

"मी मोहोळला होते तेव्हा आई अशी होती?"

"हो."

"आत्याला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का आणलं नाही?"

त्याने तिला सांगितले की आईनेच तसे सांगितले होते. यशोदा जे बोलली होती ते त्याने जसेच्या तसे सांगितले, त्यात काही कमी केले नाही. बोलताना त्याला कळत होते की हे सांगून आपण यशोदाच्या मागे लपतो आहोत.

पद्मजा ऐकून घेऊन चालत राहिली.

"मी आले असते," ती म्हणाली. "मला चाललं असतं."

मुलीची क्षमा कशी मागतात हे त्याने कधी बघितले नव्हते. तो म्हणाला, "सोमवारी ते चित्र मी काढून टाकतो."

"नको. माझ्या शेजारी बसली होती ना, ती मुलगी म्हणाली, आमची काकू अशीच हात टेकून बसते. ती आज घरी सांगणार आहे." ती म्हणाली, "राहू दे ते."

म्हणजे ते राहणार होते. दर शनिवारी त्याला त्याच्यावर चादर टाकायची होती आणि काढायची होती.

तळ्याच्या पायऱ्यांपाशी आल्यावर ती खाली बसली. तोही बसला. तिने कागद उलगडून गुडघ्यांवर पसरला. त्याने तो आत्ता पहिल्यांदा नीट बघितला. चित्र लहान मुलीने काढावे तसेच होते, खांदे एक वर एक खाली. पण बाई हसत होती. एका बाजूला कानाची जागा कोरी सोडलेली होती.

"अण्णा, आईचा कान दिसायचा की केसांखाली जायचा? मला आठवेना."

कमलाकरने डोळे मिटले. चुलीपुढची यशोदा त्याने आठवून बघितली. दारात वाट बघत उभी असलेली. लग्नात मुंडावळ्या बांधलेली. प्रत्येक वेळी चेहरा यायचा तो बसलेल्या गालांचा. आजाराच्या आधी इतकी वर्षे ती घरात होती, त्याला वाढत होती, त्याच्याशी बोलत होती. तेव्हाचे काहीच येईना. त्याने पुन्हा प्रयत्न केला. गळ्याची हाडे आली.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

पद्मजा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. आपण काही शिकवत असताना मुले बघतात तसे ते बघणे नव्हते. त्याने मान वळवली.

"मग मी दिसणारा काढते," ती म्हणाली.

तिच्या पेन्सिलीचे टोक मोडले होते. त्याने खिशातला चाकू काढून ते करून दिले. ती काढू लागली, आणि वाऱ्याने उडणारा कागदाचा कोपरा तो बोटाने दाबून धरून बसला.